पंख चिकटवून झाले, आनंद कुठे आहे?

«ताई, जय ख्रिस्त.

अकरा वर्षं आमच्या मंडळीतलं मुलांचं नाताळचं नाटक मी बसवते. पुठ्ठ्याचे पंख कापणं, चमकी लावणं, मरीया कोणाला करायचं यावरून रुसलेल्या दोन आयांची समजूत काढणं, सगळं माझ्याकडे. लोक कौतुक करतात. पण गेली तीन-चार वर्षं मला आतून काहीच वाटत नाही. घरात कोणी गेलेलं नाही, आजारपण नाही, पैशाची ओढाताण नाही. दुःखाचं काही कारण असतं तर निदान सांगता तरी आलं असतं. गाणी सुरू झाली की लोकांचे डोळे पाणावतात आणि मी मनात खुर्च्या मोजत असते.

परवा माझ्या मुलाने (पंधरा वर्षांचा आहे) पुठ्ठा कापता कापता विचारलं, ‘आई, हे सगळं खरंच झालं असं तू मानतेस का?’ मी ‘हो’ म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की त्याने कात्री थांबवून माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून नीट झोप नाही. मी ढोंगी आहे का? नाटक सोडून द्यावं का? आणि दर डिसेंबरात उपदेशात ज्या आनंदाबद्दल सांगतात, तो माझ्याच वाट्याला का येत नाही?

ता. क. यंदाचा छोटा मेंढपाळ त्याचं एकुलतं एक वाक्य दर तालमीला विसरतो: ‘चला, आपण बेथलेहेमापर्यंत जाऊ.’ बाकी तयारी ठीक.»

प्रिय मैत्रिणी,

आधी नाटकाचं बोलते, कारण तालमी चालू आहेत आणि त्या माझ्या उत्तरासाठी थांबणार नाहीत. या डिसेंबरात सोडू नका. सोडायचंच झालं तर जानेवारीत, सगळं सामान खोक्यात भरून माळ्यावर गेलं की, शांतपणे ठरवा. ऐन धांदलीतला निर्णय आपण घेत नसतो, आपला थकवा घेत असतो. अकरा वर्षं एकटीने ओढलंत, ते मात्र चुकलं. पंखांचं काम आजच दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवा. तिला ते तुमच्यासारखं जमणार नाही, एखाद्या देवदूताचा पंख ऐन प्रयोगात खांद्यावरून लोंबेल. लोंबू द्या.

दुसरं, स्पष्ट विचारते. हे कोरडेपण फक्त देवळात आहे की सगळीकडे? आवडीचं गाणं, मैत्रिणीचा फोन, सुट्टीची सकाळ, यांचीही चव गेली आहे का? झोप नाही म्हणता, ती त्या एका ‘हो’मुळे गेली की आधीपासूनच बिघडलेली होती? दिवसाचा बहुतेक वेळ असंच वाटतंय आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, असं असेल तर हे पत्र बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. नैराश्य हा आजार आहे. औषधाने, समुपदेशनाने त्यात फरक पडतो. तो झाला म्हणून कोणाचा विश्वास तोकडा ठरत नाही. ‘प्रार्थना वाढव, आपोआप बरं वाटेल’ असं कोणी सांगेल. त्यांचं ऐकून घ्या आणि डॉक्टरकडे जाच. प्रार्थना तिथल्या बाकावर बसूनही करता येते.

तसं काही नसेल, बाकी सगळं ठीक आहे आणि फक्त नाताळ आला की आत दिवा लागत नाही, असं असेल, तर पुढे वाचा.

लूकने आपलं शुभवर्तमान, म्हणजे येशूची कथा, तुमच्यासारख्याच एका माणसापासून सुरू केलंय, आणि नाटकात आपण त्याला कधीच घेत नाही. मुलं कमी पडतात म्हणून असेल. जखऱ्या. याजक माणूस, देवाच्या घरचं काम करत म्हातारा झालेला. धूप जाळायला आत कोणी जायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरत असे, त्या दिवशी त्याचं नाव निघालं. बाहेर लोक प्रार्थना करत उभे आहेत. आत धूपवेदीच्या उजव्या बाजूला देवदूत उभा राहून त्याला सांगतोय की तुला मुलगा होईल, तुला आनंद आणि उल्लास होईल, त्याच्या जन्माने पुष्कळ लोक आनंद करतील. आणि हा विचारतो, हे खरं कशावरून मानू? मी म्हातारा, माझ्या बायकोचंही वय झालेलं.

लूकच्या शुभवर्तमानात ‘आनंद’ हा शब्द पहिल्यांदा ज्याच्या कानावर पडतो, त्याला तो खरा वाटत नाही. तेही मंदिराच्या आत, सेवेच्या पाळीवर असताना. बाहेर उभ्या असलेल्यांपैकी कोणाला हे कळलं असतं तर काय म्हणाले असते, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

त्याची वाचा गेली. सगळे तिला शिक्षा म्हणतात आणि आहेही ती. पण जसजसं वय वाढतंय तसतशी मला ती सवलतही वाटू लागली आहे. महिनोन् महिने कोणाला काही समजावून सांगायचं नाही, कोणाच्या प्रश्नाला घाईघाईत ‘हो’ म्हणायचं नाही. आणि मग लूक एक वाक्य लिहितो, जे वाचताना सहज निसटून जातं: त्याच्या सेवेचे दिवस पुरे झाल्यावर तो आपल्या घरी गेला. म्हणजे तोंडातून शब्द फुटत नसतानाही त्याने आपली पाळी पूर्ण केली. त्याला कोणी काढून टाकलं नाही. देवानेही दिलेलं वचन परत घेतलं नाही. मूल झालं. नाव काय ठेवायचं यावर नातेवाइकांचा वाद सुरू झाला (तो होणारच), तेव्हा याने पाटी मागवून लिहिलं, ‘त्याचे नाव योहान आहे.’ तेव्हा कुठे तोंड उघडलं, आणि उघडल्याबरोबर तो देवाची स्तुती करू लागला.

तुम्ही सध्या मुक्या जखऱ्याच्या पाळीवर आहात असं मला वाटतं. ही पाळी लाजिरवाणी नाही.

आता ‘ढोंगी’. येशूने परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या लोकांना, ज्या शब्दाने झोडपलं, तो मूळ ग्रीक शब्द रंगमंचावरचा आहे. नटाला तो शब्द वापरत. तुम्ही नाटकवाल्या, म्हणून तुम्हाला फरक पटकन कळेल. मुखवटा घालून, लोकांनी पाहावं म्हणून दान देणारा, चौकात उभा राहून प्रार्थना करणारा माणूस येशूच्या डोळ्यांसमोर होता. त्याला आतला रिकामेपणा बोचत नव्हता, त्याला टाळ्या पुरत होत्या. तुम्हाला टाळ्या मिळतात आणि रात्री झोप लागत नाही. ढोंगी माणसाला छान झोप लागते.

तरी तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. सबंध पत्रात तुम्ही स्वतःच्या मनाकडे पाहताय. काही वाटतंय का? आता वाटलं का? दुसऱ्या कडव्याला तरी? मीही एका वर्षी हेच केलं. मध्यरात्रीच्या उपासनेत मेणबत्ती हातात धरून मी स्वतःच्या काळजाला कान लावून उभी होते. शेवटी मला एवढंच कळलं की मेण मनगटावर ओघळलंय आणि माझ्या शेजारच्या बाईंचा सूर फार वर गेलाय. आनंदाची अशी झडती घेतली की तो सापडत नाही. झोपेसारखंच आहे ते. आली का, आली का, असं बघत राहिलं की ती येत नाही.

नाटकातले मेंढपाळ आठवा. रानात रात्रीची राखण चाललेली. ते कामावर होते, सणाच्या तयारीत नव्हते. देवदूत आला तेव्हा त्यांना आनंद वाटला असं लूक म्हणत नाही. त्यांना मोठी भीती वाटली असं म्हणतो. ‘मोठा आनंद’ हे शब्द देवदूताच्या तोंडी आहेत, बातमी म्हणून. मेंढपाळांच्या मनाची ती अवस्था नव्हती. मग खूण दिली, तीही किती साधी: बाळंत्यात गुंडाळलेलं, गव्हाणीत ठेवलेलं एक मूल. त्यावर ते एकमेकांना काय म्हणाले? तुमच्या छोट्या पठ्ठ्याला जे आठवत नाही तेच. चला, आपण बेथलेहेमापर्यंत जाऊ आणि झालेली ही गोष्ट पाहू. देवाचं गौरव आणि स्तुती करत ते परतले, हे येतं ते अगदी शेवटी, पाहून झाल्यावर. आणि परतले म्हणजे मेंढरांकडेच परतले. काम तेच राहिलं.

भीती, मग बातमी, मग चालणं, मग पाहणं, आणि त्यानंतर आनंद. आपण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून शेवटच्या पायरीवर उभं राहायचा हट्ट धरतो आणि तिथे पाय ठरत नाही म्हणून रडतो. ‘नाताळ’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, त्याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘जन्माचा’ असा अर्थ आहे. सण, उत्सव, हर्ष असलं काही त्या शब्दात नाहीच. कोणीतरी जन्मलं, एवढंच तो सांगतो. ते मूल जन्मलं तेव्हा जगातल्या बहुतेक माणसांना काहीही वाटलं नव्हतं. ती झोपली होती.

‘पण प्रेषित पौल तर म्हणतो, प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा!’ असं तुम्ही म्हणाल. हे वाक्य त्याने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातलं. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाच्या, तिसऱ्या रविवारचं लॅटिन नाव, गाउदेते (‘आनंद करा’), यातूनच आलंय. बऱ्याच मंडळ्यांमध्ये त्या दिवशी जांभळ्या मेणबत्त्यांमधली एकच गुलाबी मेणबत्ती लावतात. पण ते पत्र सबंध वाचा, चारच अध्याय आहेत. लिहिणारा बेड्यांत आहे. त्याचा सोबती मरणाच्या दारातून परत आलाय, आणि पौल कबूल करतो की तो गेला असता तर मला दुःखावर दुःख झालं असतं. तिसऱ्या अध्यायात तो रडत रडत लिहितोय असं स्वतःच म्हणतो. आणि त्याच्या पुढच्याच अध्यायात, आनंद करा. भावनेला असा हुकूम देता येत नाही, हे पौलाला कळत नव्हतं असं मला वाटत नाही. तो दिशा सांगतोय, तोंड कुठे वळवायचं ते. ‘प्रभूमध्ये’ हा शब्द आपण घाईत गिळून टाकतो आणि नुसतंच ‘आनंद करा’ उरतं. मग ते एखाद्या शुभेच्छापत्रासारखं पोकळ वाजतं.

आणखी एक. आगमनकाळाचा रंग जांभळा आहे, म्हणजे पश्चात्तापाचा आणि वाट पाहण्याचा. डिसेंबरभर हर्षाने भरून वाहायचं, हा नियम दुकानांनी केलेला आहे, चर्चने नाही. चर्चचं म्हणणं असं की चार रविवार थांबा, अंधार आहे हे मान्य करा, रोज थोडी वाट पाहा. तुम्ही जे कोरडेपण लपवताय, त्यासाठी पंचांगात चक्क चार आठवडे राखून ठेवलेत.

डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाला १९४३च्या एप्रिलमध्ये अटक झाली. त्या वर्षी बर्लिनच्या टेगल तुरुंगातून त्याने एका मित्राला नोव्हेंबरात पत्र लिहिलं. त्यात तो म्हणतो की कोठडीतलं जगणं बरंचसं आगमनकाळासारखं आहे. माणूस वाट पाहतो, आशा धरतो, हे कर ते कर करत राहतो, त्या करण्याला तसा फारसा अर्थ नसतो. दार बंद आहे, आणि ते फक्त बाहेरूनच उघडू शकतं. पुढे दीड वर्षाच्या आत, ९ एप्रिल १९४५ रोजी, त्याला फाशी दिली. तुरुंगाचं दार त्याच्यासाठी उघडलं नाही, हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर ही गोष्ट उगाच गोड होईल. पण तुमचे पंख चिकटवणं मला त्या ‘हे कर ते कर’मध्ये बसवावंसं वाटतं. हात चालू ठेवायचे. कडी आपल्या बाजूला नाही, हे समजून चालू ठेवायचे. ‘मी अजून पुरेसं ढकललं नाही म्हणून दार उघडत नाही’ हा जो अपराधीपणा तुम्ही बाळगताय, तो तेवढा खाली ठेवा.

आता थोडं नाटकाच्या इतिहासाबद्दल, कारण तुम्हाला ते आवडेल. इटलीतल्या ग्रेच्चो गावात १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री गव्हाणी मांडली. तुमच्या कामाचा मूळपुरुष म्हणा ना. त्याने काय जमवलं होतं? गव्हाणी, गवत, एक बैल आणि एक गाढव. पंख नव्हते. (बैल आणि गाढव लूकमध्येही नाहीत, मत्तयमध्येही नाहीत. ते यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून चालत आलेत: बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव धन्याची गव्हाणी ओळखतो.) फ्रान्सिसचं म्हणणं एवढंच होतं की त्या बाळाची अडचण मला डोळ्यांनी पाहायची आहे. तान्ह्या बाळाला लागतं त्यातलं काहीच नाही आणि ते गवतावर कसं निजलं, ते पाहायचंय. त्याचा चरित्रकार, सेलानोचा थॉमस, एक प्रसंग नोंदवतो. तिथल्या एका माणसाला दिसलं की गव्हाणीत एक मूल निपचित पडलंय, आणि फ्रान्सिसने जवळ जाऊन त्याला गाढ झोपेतून जागं केलं. थॉमस म्हणतो, हे दृश्य अयोग्य नव्हतं. पुष्कळांच्या मनात तो बाळ असाच विसरला गेला होता.

म्हणजे ८०० वर्षांपूर्वीही हे होतंच. ‘आमच्या आजीच्या वेळी लोकांचा विश्वास कसा घट्ट होता’ असं जे आपण म्हणतो, त्यावर मी फार विसंबत नाही.

तर तुमच्यासाठी माझं सांगणं असं. प्रयोग झाल्यावर, मुलं घरी गेली, दिवे बंद करायचे राहिलेत, अशा वेळी पाच मिनिटं त्या गव्हाणीपाशी बसा. आत काय असतं तुमच्याकडे? बहुधा कोणाची तरी बाहुली, टॉवेलात गुंडाळलेली, एक डोळा मिटत नसलेली. तिच्याकडे बघा. मनात काय होतंय ते तपासू नका. एवढाच विचार करा: हे जर खरं असेल, तर देवाने स्वतःला माणसांच्या हातात इतकं सोपवलं की कोणीतरी मान धरल्याशिवाय त्याला मानही सावरता येत नव्हती. नवजात बाळाला ते जमत नाही. तुमचा मुलगा तान्हा असताना तुम्ही त्याच्या मानेखाली हात धरलाय. मरीयेनेही धरला असणार. एवढं पाहा, आणि दिवे बंद करून घरी जा. त्या रात्रीही काही वाटलं नाही, तरी चालेल.

एखादी तरी उपासना अशी करा जिथे तुमच्याकडे काहीही काम नाही. जमलं तर दुसऱ्या मंडळीत, जिथे कोणी ओळखत नाही आणि खुर्च्या मोजायची जबाबदारी दुसऱ्याची आहे. शेवटच्या बाकावर बसा. गाणं म्हणावंसं वाटलं नाही तर म्हणू नका, बाकीचे म्हणतायत. मंडळी त्यासाठीच असते. ज्या वर्षी माझा आवाज निघत नाही, त्या वर्षी माझ्या वाटचं शेजारची गाते. सूर वर गेला तरी.

लूकचे २४ अध्याय आहेत, म्हणून १ ते २४ डिसेंबर रोज एक अध्याय वाचायची पद्धत बरेच जण पाळतात. चांगली आहे. तुम्ही पाळू नका. तुम्हाला आणखी एक वेळापत्रक नकोय. दुसऱ्या अध्यायाची पहिली वीस वचनं तेवढी वाचा, मोठ्याने, आणि कोणता मुलगा कोण होईल हा विचार न करता वाचून बघा. अकरा वर्षांत तशी ती तुम्ही वाचली नसणार, अशी मी पैज लावते.

आणि २५ तारखेच्या संध्याकाळी सगळं आवरून टाकू नका. पश्चिमेकडच्या चर्चच्या हिशेबाने नाताळ त्या दिवशी सुरू होतो आणि ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत चालतो. मधले दिवस गुळगुळीत नाहीत. २६ला पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याचा दिवस, म्हणजे जन्मोत्सवाच्या दुसऱ्याच दिवशी दगडमार. २८ला हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांचा. मत्तयने तिथे इस्राएलाची आदिमाता राहेल रडत असल्याचं यिर्मया संदेष्ट्याचं वचन घातलंय, आणि ती सांत्वन करून घेत नाही असं म्हटलंय. तीही नाताळचीच गोष्ट आहे. ज्यांनी हे दिवस एका ओळीत लावले, त्यांना आनंद म्हणजे सतत हसरा चेहरा असं नक्कीच वाटत नव्हतं. तुमच्यासारख्या, २५पर्यंत धावणाऱ्या माणसांना हे उरलेले दिवस म्हणजे वरदान आहे. गर्दी ओसरलेली असते, तालमी नसतात, कोणी काही मागत नसतं. तुमचा नाताळ कदाचित २९ला येईल. येऊ द्या.

मुलाचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं.

त्याने कात्री थांबवून पाहिलं, हे तुम्हाला बोचतंय. मला ते वाचून बरं वाटलं. पंधरा वर्षांचा मुलगा आईला विश्वासाबद्दल विचारतोय, तेही मोबाइल बाजूला ठेवून, पुठ्ठा कापता कापता! तो तुम्हाला पकडायला आला नव्हता. त्याला स्वतःला तो प्रश्न पडलाय, आणि घरात आणखी कोणाला पडतो का हे तो चाचपून पाहत होता. तुमचं पटकन आलेलं ‘हो’ ऐकून त्याला वाटलं असेल की इथे आपण एकटेच आहोत.

तेव्हा त्याच्याकडे परत जा. खास बैठक बोलावू नका, त्याला धास्तीच बसेल. पुन्हा पुठ्ठा घेऊन बसाल तेव्हा सांगा: त्या दिवशी मी फार घाईत ‘हो’ म्हटलं. उत्तर ‘हो’च आहे, पण त्यात बरंच ‘माहीत नाही’ मिसळलेलं आहे. काही वर्षं मला काही वाटतही नाही. तरी मी ही गोष्ट सोडलेली नाही, कारण ती खरी असावी असं मला फार वाटतं, आणि पुन्हा पुन्हा जाऊन पाहावीशी वाटते. (शब्द तुमचे घ्या. माझे घेतलेत तर त्याला लगेच कळेल.)

मार्कच्या नवव्या अध्यायात एक बाप आहे, आजारी मुलाला घेऊन आलेला. येशू त्याला विश्वासाबद्दल म्हणतो तेव्हा तो ओरडून सांगतो, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत करा. एकाच दमात दोन्ही. येशूने त्याला आधी नक्की काय ते ठरवून ये असं सांगितलं नाही. मुलगा बरा केला. तुमच्याही प्रकरणात मध्ये एक मूल उभं आहे, म्हणून हा बाप आठवला.

मुलगा यावर काय म्हणेल ते सांगता येत नाही. कदाचित ‘ओके’ म्हणेल आणि कापत राहील. पंधराव्या वर्षी ते पुष्कळ झालं. कदाचित तो म्हणेल की माझा काहीच विश्वास नाही. तेव्हा घाबरून त्याला वचनं ऐकवत सुटू नका, आणि पाळकांकडे तर धाव घेऊच नका. ‘बरं, सांग’ म्हणा आणि ऐका. अशा वेळी मुकं राहण्याचे काय फायदे, ते जखऱ्याला विचारा.

छोट्या मेंढपाळाचा उपाय सोपा आहे. तुमच्या मुलाला पडद्यामागे बसवा आणि ते वाक्य आतून हळूच सांगायचं काम त्याला द्या. तो तयार होईल, कारण त्यात रंगमंचावर यायचं नाही आणि पंखही घालायचे नाहीत. दर तालमीला त्याने ते म्हणायचं, लहान्याने ऐकून पुढे न्यायचं, आणि तुम्ही समोर बसून दोघांचं ऐकायचं.

आणि पंख तिसऱ्या कोणाला दिलेत तरी एक सूचना तिला नक्की करा. चमकी डिंकावर भुरभुरवू नका, चमकीचा कागद आणून तोच कापून लावा. सुटी चमकी नखांत आणि केसांत अडकली की जानेवारीपर्यंत निघत नाही. माझ्या शास्त्राच्या पानांत अजून आहे, लूकच्या दुसऱ्या अध्यायापाशीच.

तुमची,
ताई